सेमी इंग्रजीच्या वर्गात विज्ञान-गणित शिकवताना

मराठी शाळेत सेमीचा वर्ग (विज्ञान-गणित इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून) पहिल्यांदा हातात आला की नव्या शिक्षकाला धास्ती असते ती स्वतःच्या इंग्रजीची. खरी अडचण बहुधा दुसरीकडे असते. कुठल्याही सेमीच्या वर्गाबाहेर उभं राहिलं तर असं वाक्य हमखास कानावर येतं: ‘आता ह्या ऑब्जेक्टवर फोर्स अप्लाय केला की त्याची व्हेलॉसिटी चेंज होते.’ यातली नामं इंग्रजी आहेत, वाक्याचा सांगाडा मात्र मराठी. मुलाला सगळं समजतं, तो मान डोलावतो. पण पेपर लिहिताना त्याला ‘व्हेन’, ‘ड्यू टू’, ‘ॲक्टिंग ऑन’, ‘रिमेन्स कॉन्स्टंट’ हे सगळं लागतं, आणि नेमकं तेच त्याच्या कानावर कधी पडलेलं नसतं. मग तो गाईडमधलं उत्तर घोकतो. दहावीला विज्ञान आणि गणिताचे प्रत्येकी दोन पेपर, ४० गुणांचा एकेक, आणि सेमीच्या मुलाला चारही इंग्रजीत लिहायचे असतात. घोकंपट्टी तिथवर पुरत नाही.

म्हणून पहिला नियम असा की एका वाक्यात दोन भाषा मिसळायच्या नाहीत. समजावून सांगायचं ते पूर्ण मराठीत, ‘जडत्व’, ‘बल’, ‘विस्थापन’ हे शब्द वापरून. आणि विधान करायचं ते पूर्ण इंग्रजीत, सावकाश, कर्त्यापासून पूर्णविरामापर्यंत. सवय लागेपर्यंत हे अवघड जातं, कारण आपलं रोजचं बोलणंच मिसळलेलं असतं. टाचण वहीत पाठाच्या उद्दिष्टांखाली त्या तासाची आठ-दहा इंग्रजी वाक्यं लिहून ठेवा आणि वर्गावर जाण्याआधी मोठ्याने वाचा. इंग्रजी कच्चं असलेल्या शिक्षकालाही एवढी तयारी पुरते.

नववीतल्या जडत्वाचा ३५ मिनिटांचा तास घ्या. काचेचा ग्लास, त्यावर जाड कार्ड, कार्डावर ५ रुपयांचं नाणं. कार्ड गुळगुळीत हवं. खडबडीत असेल तर नाणं त्याच्यासोबत सरकतं आणि प्रयोग फसतो. टिचकी आडवी आणि झटक्यात मारायची. कार्ड उडतं, नाणं ग्लासात पडतं. पहिली दहा मिनिटं मराठीतच बोला: नाणं कार्डासोबत का गेलं नाही? सतरंजी झटकली की धूळ का निघते? मुलांना चुकू द्या, वाद घालू द्या. हा वाद इंग्रजीत होत नाही आणि इथे तो व्हायलाच हवा, कारण संकल्पना पक्की होते ती याच वेळात.

मग फळ्यावर तीनच वाक्यं येऊ द्या. ‘द कार्ड मूव्ह्ज.’ ‘द कॉइन रिमेन्स ॲट रेस्ट.’ ‘धिस इज ड्यू टू इनर्शिया.’ वर्गाने एकत्र म्हणायची, मग बाकावरच्या जोडीदाराला सांगायची. त्यानंतर रिकाम्या जागांचा साचा द्या: ‘व्हेन ___, ___ टेन्ड टू रिमेन ॲट रेस्ट ड्यू टू इनर्शिया.’ यात धुळीचे कण बसवायचे, अचानक सुरू झालेल्या बसमधले प्रवासी बसवायचे. कर्ता एकवचनी झाला की ‘टेन्ड’चं ‘टेन्ड्स’ होतं, हे इथेच दाखवा; व्याकरणाचा वेगळा तास लागत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत एक नवं उदाहरण प्रत्येकाने स्वतः लिहायचं. नवे शब्द तासाला सहा ते आठच, त्याहून जास्त टिकत नाहीत.

साचे शिकवताना मराठीचा आधार घ्या, तो फार कामाचा आहे. ‘ड्यू टू’ आणि ‘बिकॉज’ यांची गल्लत जवळपास प्रत्येक वहीत सापडते. मराठीत ‘मुळे’ नामाला लागतं आणि ‘कारण’च्या पुढे पूर्ण वाक्य येतं: ‘घर्षणामुळे थांबला’, पण ‘थांबला, कारण घर्षण होतं’. ‘ड्यू टू’ हे ‘मुळे’सारखं वागतं, ‘बिकॉज’ हे ‘कारण’सारखं. एवढं सांगितलं की मुलं स्वतःच्या चुका स्वतः शोधू लागतात. तसंच ‘जसजसं… तसतसं’ आलं की ‘ॲज… इन्क्रीझेस, … ऑल्सो इन्क्रीझेस’. ‘डायरेक्टली प्रपोर्शनल टू’ शिकवण्याआधी हे वाक्य तोंडात बसलं पाहिजे.

गणितात भाषा कमी लागते असा समज आहे. शाब्दिक उदाहरणांत तोच अंगाशी येतो. ‘१२ मधून ५ वजा करा’ यात बारा आधी येतात आणि मांडणीही तशीच होते. ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह’मध्ये पाच आधी येतात, म्हणून मूल ५ – १२ मांडतं. ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ म्हणजे एक्समधून पाच वजा, आणि ‘फाइव्ह इज लेस दॅन एक्स’ ही असमानता. एका ‘इज’ने सगळं बदलतं. पाचवीत सेमी सुरू होत असेल तर आकड्यांकडेही पाहा: इंग्रजी नऊ देवनागरी एकासारखा दिसतो. पहिले काही आठवडे उत्तर चुकलं की आधी आकडा कसा वाचला ते विचारा. उदाहरण सोडवण्याआधी मुलाने ते मराठीत स्वतःच्या शब्दांत सांगायचं, हा क्रम आठवीपर्यंत तरी सोडू नये.

आता मूल अडलं तर नेमकं कुठे अडलं हे ओळखायचं. चाचणीत उत्तर चुकलं की तोच प्रश्न तोंडी मराठीत विचारा. मराठीत नीट सांगता आलं तर विषय कळला आहे आणि साच्यावर काम करायचं आहे. मराठीतही सांगता आलं नाही तर पुन्हा ग्लास, कार्ड आणि नाणं. हा भेद न करता सरसकट ‘इंग्रजी कच्चं आहे’ म्हणणं मुलावर अन्याय करतं. उलटही घडतं: उत्तर शब्दशः बरोबर आणि समजलेलं काहीच नाही. ते तपासायला प्रश्नातलं उदाहरण बदला. बसऐवजी बैलगाडी घ्या.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला. स्थलांतरित मुलांना बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षं लागतात. ती मुलं दिवसभर इंग्रजीत वावरणारी. आपल्या मुलाला ती मिळते रोज दोन-तीन तासिका. मलेशियाने २००३ मध्ये देशभर विज्ञान-गणित इंग्रजीतून सुरू केलं आणि २००९ मध्ये ते मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. ग्रामीण मुलं मागे पडणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. नव्या शिक्षकाने घाई न करण्याला एवढा आधार पुरे.

वह्या तपासताना घटक चाचणीपर्यंत आशयाचे गुण आशयालाच द्या. वाक्य मोडकं असेल तरी मुद्दा असेल तर गुण कापू नका. एका उत्तरात भाषेची एकच चूक गोल करा, तीही त्या आठवड्याच्या साच्यातली. पान लाल केलं की पुढच्या वेळी मूल दोन शब्दांत उत्तर संपवतं. नावं दिलेल्या आकृतीला भरपूर जागा द्या, कारण कमी इंग्रजीत जास्त विज्ञान दाखवता येतं. आठवीपासून प्रश्नातली क्रियापदं वेगळी शिकवा: ‘स्टेट’, ‘डिफाइन’, ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्टिंग्विश बिटवीन’, ‘गिव्ह सायंटिफिक रीझन्स’. ‘स्टेट’ला अर्धं पान आणि ‘एक्स्प्लेन’ला एक ओळ लिहून गुण घालवणारी हुशार मुलं दर वर्गात असतात.

पालकसभेत ‘घरी इंग्रजी बोला’ असं सांगू नका. मुलाने आजचा धडा आईला किंवा आजीला मराठीत समजावून सांगायचा, एवढंच मागा. ते इंग्रजी न येणाऱ्या घरातही जमतं. आणि एखाद्या मुलासाठी पूर्ण मराठी माध्यमच योग्य वाटत असेल तर ते आठवी संपताना, मुख्याध्यापकांशी बोलून, पालकांना मुलाच्या तोंडी उत्तरांच्या नोंदी दाखवून ठरवा. तुकडी बदलायचीच तर नववीच्या जूनमध्ये बदला. वर्षाच्या मध्यात बदलली तर मराठी संज्ञाही त्याला नव्यानेच शिकाव्या लागतात.