गेमिंग लॅपटॉप घरी उघडताय? या चुका टाळा

रात्री साडेदहाला कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका पोराचा फोन आला. "दादा, रॅम टाकली आणि आता लॅपटॉप चालूच हुईना." इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्यांनी पै-पै जोडून घेऊन दिलेली वस्तू, त्यामुळे आवाज रडवेला झाला होता. दिवा लागतोय, पंखा फिरतोय, स्क्रीन मात्र काळी. वीसेक सेकंद वाट बघायचा आणि पॉवरचं बटण दाबून बंद करायचा, असं त्यानं चार वेळा केलं होतं.

त्याच्या लॅपटॉपला डीडीआर५, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या पिढीची रॅम आहे. नवी रॅम बसवली की मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) पहिल्यांदा चालू होताना त्या रॅमची पारख करतो, आणि त्याला कधी कधी काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ स्क्रीनवर काहीच येत नाही. मधेच बंद केलं की हे काम पहिल्यापासून सुरू. त्याला म्हटलं, चार्जर लाव आणि दहा मिनिटं हात लावू नकोस. पाचव्या-सहाव्या मिनिटाला कंपनीचा लोगो आला.

मग मी सहज विचारलं, "बॅटरी काढली होतीस का?"

"बॅटरी? लॅपटॉप बंद केलता की."

स्क्रीन काळी राहण्यापेक्षा या उत्तरानं मला जास्त धडकी भरली. शटडाऊन केलं म्हणजे वीज गेली असं होत नाही. बॅटरी जोडलेली असली की बोर्डच्या काही भागांत वीज असतेच. त्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक घसरलं किंवा एखादा स्क्रू आत पडला, तर क्षणात शॉर्ट होऊन बोर्ड जातो. शिवाय विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (लवकर चालू होण्याची सोय) चालू असेल तर नेहमीचं शटडाऊन पूर्ण शटडाऊन नसतं. शिफ्ट दाबून ठेवून शटडाऊनवर क्लिक करा. चार्जर काढा. तळाचं झाकण निघालं की दुसरं काहीही करण्याआधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि मग पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा.

कनेक्टर सोडवतानाही घाई नको. काही कनेक्टर बोर्डला समांतर मागे सरकतात, काही वर उचलायचे असतात, काहींवर तारेची बारीक कडी असते. आपल्या मॉडेलचा कोणता ते उघडण्याआधीच व्हिडिओत बघून ठेवा. वायरला धरून ओढू नका. प्लास्टिकच्या पट्टीनं दोन्ही बाजूंनी थोडं थोडं ढकला.

झाकण काढतानाच निम्मी मोडतोड होते. एसर नायट्रो, एचपी व्हिक्टस, लेनोवो एलओक्यू, आसुस टफ, कोणताही घ्या, अशा गेमिंग लॅपटॉपांचा तळ सहसा प्लास्टिकचा असतो आणि कडेनं क्लिपा असतात. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलाय असं समजा. तो रबराच्या पायाखाली किंवा स्टिकरखाली असू शकतो. काही मॉडेलांत कोपऱ्यातला स्क्रू पूर्ण बाहेर येतच नाही, तो सैल झाला की तिथलं झाकण जरा वर उचललं जातं आणि सुरुवात तिथूनच करायची असते. मेटलचा स्क्रू ड्रायव्हर फटीत घालू नका. जुनं एटीएम कार्ड पुरतं.

सगळे स्क्रू एका वाटीत टाकणं ही मला सर्वांत खटकणारी सवय. लांबी वेगवेगळी असते. आखूड जागी लांब स्क्रू पिळला की वरच्या बाजूला, कीबोर्डशेजारी, टेंगूळ येतं आणि ते परत बसत नाही. उलट केलं तर आटे जातात, आणि बिजागरीजवळचे आटे गेले की लॅपटॉप उघडताना झाकणच फाकायला लागतं. पुठ्ठ्यावर तळाचं चित्र काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. स्क्रू ड्रायव्हर चांगल्या टोकाचा पीएच झिरो घ्या. स्वस्त सेटमधल्या मऊ टोकानं स्क्रूचं डोकं झिजतं.

आता आपल्याकडची एक खास गोष्ट. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या वर्कशॉपवाल्यांकडे लॅपटॉप उघडला की हात आपोआप एअर कॉम्प्रेसरच्या पाइपकडे जातो. असं करू नका, अगदी कळकळीनं सांगतो. त्या हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे कण येतात. दाबानं पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त गरगरतो आणि बेअरिंग खराब होतं. आणि फाउंड्री किंवा लेथजवळच्या धुळीत लोखंडाचा बारीक चुरा असतो. तो विजेचा वाहक. हवा मारून तुम्ही तो पंख्यातून उडवून थेट बोर्डवर, रॅमच्या स्लॉटमध्ये नेऊन बसवता. रंगकामाचा नवा मऊ ब्रश घ्या, पंख्याची पाती बोटानं धरा, जाळीतली धूळ बाहेरच्या दिशेनं काढा आणि हातानं दाबायच्या रबरी ब्लोअरनं फुंका. ज्यांचा लॅपटॉप वर्कशॉपच्या ऑफिसात असतो त्यांनी हे वर्षातून दोनदा तरी करावं.

खरेदीआधीची चूक साधी आहे, पण पैसे तिथेच अडकतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. एसएसडीची (फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हची) लांबी बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपांत दुसरी जागा २२४२ ची, म्हणजे ४२ मिलिमीटरचीच असते. ८ जीबी रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी ८ ची जोडणं हा कमी पैशातला सर्वांत चांगला बदल आहे, असं माझं ठाम मत आहे. गेममधले झटके लक्षात येण्याइतके कमी होतात.

रॅम तिरकी आत सारायची, सोनेरी पिना जवळपास दिसेनाशा झाल्या की खाली दाबायची, दोन्ही बाजूंना कट्ट आवाज यायला हवा. दहा मिनिटं थांबूनही स्क्रीन काळीच असेल तर बॅटरी सोडवून पट्टी काढून पुन्हा बसवा. मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून बघा, दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये ते कळेल.

नवी एसएसडी 'दिस पीसी'मध्ये दिसत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ती इनिशियलाइज करा, जीपीटी निवडा आणि व्हॉल्यूम बनवा. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना ड्राइव्हच दिसत नसेल आणि प्रोसेसर इंटेलचा ११व्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर कारण बहुतेक व्हीएमडी, म्हणजे ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय असते. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हमध्ये टाकून इन्स्टॉलरला दाखवा. जुनं विंडोज ठेवायचं असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद करू नका, ते चालू होताना अडकू शकतं. आणि हे सगळं सुरू करण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर आतला सगळा अभ्यास, फोटो, प्रोजेक्ट गेलंच.

उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र रॅम, एसएसडी सगळं विसरा. तिला दाबू नका, टोचू नका, आणि झाकण जोर लावून बंद करू नका. चार्जर न लावता तसाच लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्या.