मागचं चाक सारखं पंक्चर: दोष रिमच्या पट्टीचा

सायकलने किनाऱ्याच्या रस्त्याने पुणे-गोवा जायची तयारी चालली होती. पॅनियर (कॅरियरला लटकवायच्या पिशव्या) भरून ताम्हिणी घाट चढलो की मागची ट्यूब बसायची. दोन ट्यूबा बदलल्या, टायर नवा घातला. वैतागलो.

भोक मात्र दरवेळी ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला. म्हणजे काटा नव्हेच! व्हॉल्व्हपासून अंतर मोजून रिम पाहिली, तर स्पोकची छिद्रं झाकणारी रबरी पट्टी सरकून एक छिद्र उघडं पडलेलं; त्याचीच कड ट्यूबला लागत होती.

पट्टी काढली. छिद्राची कड पॉलिश पेपरने घासली, रिम स्पिरिटने पुसली. आतल्या रुंदीएवढी कापडी रिमटेप व्हॉल्व्हच्या छिद्राजवळून ताणत चिकटवली, टोकं चार बोटं एकमेकांवर घेतली, मग व्हॉल्व्हपुरतं भोक पाडलं. ट्यूबमध्ये थोडीच हवा, टायर हातानेच चढवला (टायर चढवायचा लिव्हर ट्यूब चिमटतो), शेवटी पूर्ण दाब.

पणजीपर्यंत पंप पिशवीतच राहिला.