गच्चीवर वाचायचा वर्षाचा आढावा कसा लिहावा

आमच्या सोसायटीत ३१ डिसेंबरला जगाचा आढावा वाचायचं काम माझ्याकडे असतं. पहिला नियम: महिन्यांप्रमाणे लिहू नका, फेब्रुवारीपर्यंतच लोक जांभया देतात.

मोठ्या बातमीतली छोटी वस्तू पकडा. २०२२ चंच घ्या. लिझ ट्रस ४९ दिवस ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या, एवढं सांगून कुणी मान वर करणार नाही. पण 'डेली स्टार' या तिथल्या वर्तमानपत्राने १४ ऑक्टोबरला लेट्यूसचा (सॅलडच्या पाल्याचा) एक गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवला: बघू, आधी कोण जातं, ट्रसबाई की गड्डा! पुढे त्याला विगही चढवला. २० तारखेला बाईंनी राजीनामा जाहीर केला, गड्डा टिकला. इथे थांबा, हसू द्या. मग ट्रस सरकारची कर्ज काढून करकपात आणि पौंडाची घसरण हे कोरडं प्रकरण लोक निमूट ऐकून घेतात.

मस्क हातात सिंक घेऊन ट्विटरच्या कार्यालयात शिरले, ते एका ओळीत उरका. त्यांची जाहिरात आपण फुकट का करायची? युक्रेनवर कोट्या नकोत. २४ फेब्रुवारी, रशियाचं आक्रमण, एवढं सरळ वाचा.

फुटबॉल शेवटी. लुसैलच्या विश्वचषक अंतिम सामन्यातला ३-३ आणि पेनल्टी म्हटलं की सगळेच मेस्सीवर बोलू लागतात, तेव्हा वही मिटायची.