गच्चीवर पाणी तुंबलंय? चढण्याआधी खालचं छत बघा

पुण्यात जुलैच्या झडीत गच्चीच्या पाईपचं तोंड पाल्यानं बुजतं आणि पाणी साचतं. चौरस मीटरवर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर १० सेंटिमीटर साचलं, की झाले ५ टन!

बोट-दोन बोटं पाणी असेल, उतरत असेल, तर पाऊस थांबेपर्यंत धीर धरा. चढतच असेल तर काठीनं जाळीवरचा पाला ओढा, उपसायची गरज सहसा पडत नाही. पण खालच्या छताला नवी भेग किंवा झोळ दिसला, गिलावा पडू लागला, जुन्या वाड्याची तुळई करकरली, तर वर पाऊलही नको. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग १०१ला फोन करा. ओल्या पत्र्यावर तर कधीच चढू नका.