बॉर्डर कॉलीला मेंढ्या वळायला शिकवताना

बॉर्डर कॉली या मेंढपाळी कुत्र्याला मेंढ्यांमागे धावायला शिकवावं लागत नाही, ते त्याच्या रक्तातच असतं. शिकवायचं असतं ते थांबणं आणि अंतर राखणं. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या मेंढपाळांनी ही जात घडवताना शिकारी स्वभावातलं हेरणं, नजर रोखणं, दबा धरणं आणि पाठलाग करणं तेवढं टिकवलं आणि चावणं मागे सारलं. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. गाजावाजा न करता, नुसत्या नजरेच्या धाकाने मेंढ्या हलवणं ही त्याची खासियत होती, आणि चांगल्या कामकरी कॉलीत आजही तीच पाहतात. म्हणून पिल्लू घेताना रंग किंवा केसांपेक्षा आईबाप प्रत्यक्ष मेंढ्यांवर काम करताना पाहा. प्रदर्शनासाठी जपलेल्या वंशात ही नजर पुष्कळदा कमी पडते.

मेंढ्या दाखवण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात: हाक मारली की परत येणं आणि वीस-तीस पावलांवरून ‘लाय डाऊन’ म्हटलं की बसणं. कळपावरच्या कामाची सुरुवात साधारण आठ ते बारा महिन्यांच्या वयात करावी. वयापेक्षाही खरी कसोटी ही, की कुत्रा पळत्या मेंढीला मागे टाकून तिच्या तोंडासमोर जाऊ शकतो का. त्याआधी सोडलं तर मेंढ्या निसटतात, एखादी उलटून ढुशी देते आणि पिल्लाची हिंमत खचते.

पहिल्या धड्याला कुत्र्याची सवय असलेल्या पाच-सहा प्रौढ मेंढ्या घ्या. कोकरांची आई किंवा नर नको, ते अंगावर येतात. जागा कुंपणाची पण गोल असावी. चौकोनी जागेत मेंढ्या कोपऱ्यात दाटतात आणि तिथेच कुत्र्याला तोंड घालायची सवय लागते. गळपट्ट्याला सात-आठ मीटरची हलकी दोरी लावून ती जमिनीवर मोकळी सोडा. तुम्ही कुत्रा आणि मेंढ्या यांच्या मध्ये उभे राहा, त्याला कडेने जाऊ द्या.

आता घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी मेंढ्या, तुम्ही सहावर. कुत्रा आपोआप बारावर जाऊ पाहतो, कारण तिथून कळप तुमच्याकडे धरून ठेवता येतो. हाच समतोलाचा बिंदू, आणि ‘लाय डाऊन’ म्हणायची जागाही हीच. इथे त्याला कळप ताब्यात आहे असं वाटतं, म्हणून तो बसतो. तीनवर किंवा नऊवर असताना थांबवायला गेलात तर मेंढ्या निसटताना दिसतात आणि तो ऐकत नाही. हट्टीपणाचा दोष बहुतेकदा इथूनच कुत्र्याच्या माथी येतो, चूक मात्र माणसाची असते.

तो बारावर टिकू लागला की तुम्ही उलट्या पावलांनी मागे चाला. मेंढ्या तुमच्याकडे येतील, कुत्रा मागून आणील. मग बाजू शिकवा. तुम्ही डावीकडे सरकलात की समतोल राखायला तो काट्यांच्या दिशेने फिरतो, त्याच क्षणी ‘कम-बाय’ म्हणा. उजवीकडे सरकलात की उलटा फिरतो, तेव्हा ‘अवे’. सुरुवातीला शब्द हालचालीच्या सोबत हवा, आधी नको. दहा मिनिटं पुरे. त्याचा उत्साह शाबूत असतानाच ‘दॅटल डू’ म्हणून जवळ बोलवा.

कुत्रा फार जवळून वळसा घेत असेल तर कळप फुटतो. अशा वेळी त्याच्या खांद्याच्या रोखाने दोन पावलं पुढे या, काठी आडवी धरा आणि त्याला बाहेर रेटा. काठी मारायची नसते, ती फक्त तुमचा हात लांब करते. एकाच बाजूने फिरणं बहुतेक सगळ्यांत असतं. सोप्या बाजूने सुरुवात करून मग अवघड बाजू घ्या. नजर रोखून खिळून बसणाऱ्या कुत्र्याला वारंवार थांबवलं तर तो आणखी खिळतो. त्याच्या बाबतीत मेंढ्या आणि तुम्ही दोघांनीही हलतं राहावं.

लांबून कळप आणायला पाठवताना आधी पंधरा-वीस मीटरच ठेवा. त्याची वाट नासपतीच्या आकाराची हवी, मेंढ्यांजवळ जाताना जास्त रुंद. वळसा चपटा झाला की अंतर अर्ध्यावर आणा, ओरडून तो रुंद होत नाही. कळप हलतो तो पहिला क्षण संथ असू द्या, तिथे धसमुसळेपणा झाला तर पुढची सगळी वाट बिघडते. मेंढ्या तुमच्यापासून दूर हाकणं सगळ्यांत शेवटी, कारण ते त्याच्या उपजत ओढीच्या उलट आहे.

राखणीचं काम या कुत्र्याकडून अपेक्षू नका. कळपात एकटा सोडलात तर तो मेंढ्यांना दिवसभर दमवत राहील.

तब्येतीच्या तीन गोष्टी जपाव्यात. पाच-पंधरा मिनिटांच्या जोरदार कामात किंवा त्यानंतर लगेच मागचे पाय लटपटले किंवा तो भांबावला, तर काम लगेच थांबवा, सावलीत नेऊन पाण्याने अंग गार करा आणि पशुवैद्याला दाखवा. मेलेल्या मेंढीचं कच्चं मांस आणि आतडी-काळीज खाऊ देऊ नका. त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतात आणि विष्ठेवाटे ते मेंढ्यांपर्यंत, काही प्रकार माणसांपर्यंतही पोचतात. प्राझिक्वांटेल या फीतकृमीवरच्या औषधाचा डोस किती दिवसांनी द्यायचा ते पशुवैद्याकडून ठरवून घ्या. आणि मेंढ्यांचं आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक उघड्यावर ठेवू नका. कॉली गटातल्या काही कुत्र्यांत असा जनुकीय दोष असतो की हे औषध मेंदूपर्यंत पोचून विषबाधा करतं. बॉर्डर कॉलीत तो कमी आढळतो, तरी प्रजननाच्या जोडीची डीएनए तपासणी करून घ्यावी. मेंढ्यांना औषध पाजल्यावर काही दिवस त्यांच्या लेंड्याही कुत्र्याला खाऊ देऊ नयेत.