स्टोव्ह, दोर आणि सॅक: गोव्याहून विमानाने ट्रेकला निघताना

तिकिटावर विमानतळाचा कोड जीओआय आहे की जीओएक्स ते आधी बघा. पहिले दाबोळी, दुसरे मोपा. मोपा खूप लांब, म्हणून मडगावच्या माणसाला हा फरक भलताच महागात पडतो.

सॅक डफल बॅगेत घाला, म्हणजे पट्टे कन्व्हेयरमध्ये अडकत नाहीत. कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), पिटॉन (खडकात ठोकायच्या खुंट्या), आइस अ‍ॅक्स, ट्रेकिंग पोल चेक-इनमध्ये. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये. बूट पायातच घाला, कारण देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच मिळतात. लायटर घरी.

आता स्टोव्ह. मलाही सुरुवातीला यानेच छळले. "कपड्यांत गुंडाळ, कोण बघतो?" असे सांगणाऱ्याचे अजिबात ऐकू नका. एक्स-रेवाला बघतो. गॅसचे कार्ट्रिज, म्हणजे स्टोव्हला जोडायचा गॅसचा छोटा डबा, तर कुठल्याच बॅगेत चालत नाही, अर्धे वापरलेले असो की सीलबंद. ते लेहला किंवा मनालीला विकत घ्या.

पेट्रोल-रॉकेलवर चालणारा स्टोव्ह नेता येतो, पण विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. काउंटरवर जाऊन विनवण्या करून भागत नाही. टाकी आणि इंधनाची बाटली पूर्ण रिकामी करा, किमान एक तास निथळू द्या, मग किमान सहा तास झाकण उघडे ठेवा. लडाखचा हंगाम म्हणजे आपला पावसाळा, त्यामुळे उन्हाचा भरवसा नाही. बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) ठेवा, देवाच्या दिव्यापासून आणि सिगारेट ओढणाऱ्यांपासून लांब. सहा तास उघडे ठेवण्याला दुसरा पर्याय म्हणजे आत खाण्याचे तेल घालून हलवायचे आणि ओतून टाकायचे. खोबरेल मात्र नको. ते तिकडच्या थंडीत गोठून बसते आणि मग नळी साफ करता करता जीव जातो. शेवटी झाकण घट्ट लावा, टिपकागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोरीने बांधा.

एवढे करूनही वास आला, तर स्टोव्ह नेऊ नका. नियम पाळले म्हणून वाद घालून काही होत नाही.

पुडके बॅगेत सर्वांत वर ठेवा, म्हणजे उघडायला लावले तर सगळा संसार बाहेर काढावा लागत नाही. दोर आणि हार्नेस (चढताना कमरेला बांधायचा पट्टा) त्याच्याजवळ नकोत. नायलॉनला इंधन लागू देऊ नये, माझ्या मते अशा दोरावर पुन्हा लटकूच नये.

परतीला हेच सगळे लेहच्या लॉजमध्ये करायचे असते. सकाळचे विमान असेल तर बाटली आदल्या दुपारीच रिकामी करा. उरलेले इंधन लॉजवाल्याला द्या, मोरीत ओतू नका.