रोजच्या गाडीचं रिमॅपिंग: सोलापूरच्या उन्हात या चुका टाळा

'गाडीला पिकअप नाही, रिमॅप करून घेऊ का?' हा प्रश्न आता सोलापुरातही वरचेवर ऐकू येतो. टर्बो गाड्या वाढल्या, पुण्याच्या फेऱ्या वाढल्या, आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, नवी फाइल टाकून (यालाच रिमॅप म्हणतात) २०-२५ टक्के ताकद वाढवून देणारे ट्यूनर फोनवर सहज सापडतात. टर्बो इंजिनात, म्हणजे जिथे पंखा दाबाने जादा हवा आत कोंबतो तिथे, एवढी वाढ खरंच मिळते. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत मात्र फरक इतका किरकोळ पडतो की तिथे पैसे घालूच नयेत.

पण ही जादाची ताकद येते कुठून, ते आधी बघायला हवं. कडक ऊन, सुमार दर्जाचं इंधन, तुंबलेला फिल्टर, पाच माणसं आणि समोर चढ, हे सगळं एकाच दिवशी आलं तरी इंजिन टिकावं म्हणून कंपनी थोडी ताकद राखून ठेवते. रिमॅप त्याच राखीवाला हात घालतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा ही राखीव रोजच लागते. म्हणून ज्या गाडीने सकाळी मुलांना शाळेत सोडायचं आणि तिनेच ऑफिसला जायचं, तिच्यासाठी मी कंपनीचाच ट्यून सुचवतो. तरीही करायचंच असेल, तर निदान पुढच्या चुका करू नका.

आजारी गाडीत नवी फाइल टाकणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. जुळे सोलापुरातल्या एका मित्राची डिझेल हॅचबॅक तुळजापूरचा घाट चढताना दम टाकायची, मागे काळा धूर सोडायची. रिमॅपचे पैसेही ठरले होते. त्याआधी बॉनेट उघडून इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी होज हाताने चाचपला. क्लॅम्पच्या खालच्या अंगाला तेलाची ओलसर कड होती आणि तिच्यावर धुळीचा थर बसला होता. होज पिळला की बोटाच्या पेराएवढी चीर उघडायची, सोडला की मिटायची. गाडी जागेवर चालू असताना काही कळायचं नाही. टर्बोने दाब दिला की मात्र हवा तिथूनच निसटायची. सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच गळते, डिझेल मात्र पूर्ण मापाने पडतं, म्हणून तो काळा धूर. होज बदलला आणि गाडी सरळ झाली. त्याच अवस्थेत रिमॅप झाला असता, तर वाढीव दाब गाठण्यासाठी टर्बो आणखी जोरात फिरत राहिला असता आणि खर्च होजवरून टर्बोवर गेला असता.

म्हणून आधी साध्या गोष्टी बघा. एअर फिल्टर बाहेर काढून त्याच्या घड्या उजेडात धरा. अक्कलकोट रोड किंवा होटगी रोडवर रोजची ये-जा असेल, त्यात शेताकडच्या कच्च्या रस्त्याच्या फेऱ्या असतील, तर पुस्तिकेतला नेहमीचा किलोमीटरचा आकडा आपल्यासाठी नाही. धुळीच्या भागासाठी बहुतेक पुस्तिकांत कमी अंतराची वेगळी सूचना असते, ती पाळा. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग आणि कॉइल, डिझेलमध्ये डिझेल फिल्टर आणि इंजेक्टर तपासून घ्या. टायरमधली हवा आणि घासत राहणारा ब्रेक या दोन गोष्टीही पिकअप खातात, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारं यंत्र, घेतला तर निम्मं काम घरी होतं. पी०२९९ कोड आला तर टर्बोचा दाब कमी पडतोय. पी००८७ आला तर रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत, इंधनाचा दाब कमी आहे. पेट्रोल गाडीत लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनाच्या मापात सतत करत असलेली दुरुस्ती) उणे-अधिक १० टक्क्यांच्या बाहेर जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा सेन्सर चुकतोय. हे कोड असताना ट्यूनरकडे जाऊ नका, मेकॅनिककडे जा.

गिअर न बदलता ताकद शोधणं

ऊस हंगामात पंढरपूर रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला की बरेच जण पाचव्या गिअरमध्येच पाय दाबतात आणि गाडी उचलत नाही म्हणतात. छोट्या टर्बोला १५०० आरपीएमला जोर नसतो. तिसरा टाका, आरपीएम वर येऊ द्या आणि मग बाहेर काढा. रिमॅपची निम्मी मागणी इथेच संपते.

पंपावरचं पेट्रोल न बघता फाइल घेणं

बाहेरून विकत घेतलेल्या बऱ्याच फाइल युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेल्या असतात. आपल्याकडे साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ चं होतं. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, नॉकिंगच्या (इंधन वेळेआधी आपोआप पेटून इंजिनाला बसणाऱ्या ठोक्यांच्या) बाबतीत तो फायदाच आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो. पूर्ण रेस दिल्यावर मात्र बऱ्याच गाड्या फाइलमधल्या आकड्यांवरच चालतात. जुन्या इंधनावर बेतलेली फाइल तिथे मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, ठेवू शकते. पातळ मिश्रण, वाढवलेला दाब आणि मे महिन्याची हवा एकत्र आली की पिस्टनची परीक्षा होते.

एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई-१० धरून बनलेल्या आहेत, त्यांच्या मालकांनी तर हा प्रश्न ट्यूनरला तोंडावर विचारावा: ही फाइल कोणत्या इंधनावर, कोणत्या वर्षी तपासली?

थंड सकाळच्या आकड्यांवर भुलणं

सात रस्ता चौकात दुपारी सिग्नलला थांबलात की बॉनेटखालची उष्णता इंटरकूलरमध्ये मुरते. आत जाणारी हवा तापली की नॉकिंगचा धोका वाढतो, आणि ईसीयू इग्निशन मागे ओढून, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडून, इंजिन वाचवतो. ही सोय कंपनीच्या फाइलमध्ये भरपूर असते. चांगला ट्यूनर ती शाबूत ठेवतो. वाईट ट्यूनर आकडा मोठा दिसावा म्हणून तीच छाटतो. डिसेंबरात गाडी उडते आणि मेमध्ये एक तर मंदावते, नाहीतर आतून मार खाते.

त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या गाडीचा डायनो (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख बघून ठरवू नका. तुमच्याच गाडीवर, भर दुपारी, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन घेतलेला लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, मागा. त्यात आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि नॉकमुळे मागे ओढलेलं टायमिंग, हे दोन रकाने असायलाच हवेत. जो हा लॉग द्यायला कुरकुर करतो, त्याच्याकडून फाइल घेऊ नका.

इंजिन बघणं, गिअरबॉक्स विसरणं

फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कंपनीकडूनच २५० एनएम आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाही २५० एनएमच. म्हणजे फाइल टाकण्याआधीच गिअरबॉक्स काठावर आहे. गर्दीत रांगत चालणाऱ्या गाडीत त्या क्लचवर आणखी भार टाकणं मला पटत नाही.

'तेच इंजिन दुसऱ्या गाडीत जास्त ताकद देतं' हा युक्तिवादही तपासून घ्या. १.३ लिटरचं डीडीआयएस डिझेल स्विफ्टमध्ये ७५ पीएस आणि एर्टिगामध्ये ९० पीएस द्यायचं, हे खरं आहे. पण ९० वाल्याचा टर्बो व्हेरिएबल जिऑमेट्रीचा (पाती गरजेप्रमाणे वळवणारा), म्हणजे वेगळाच होता. नुसत्या फाइलने स्विफ्टची एर्टिगा होत नाही. शिवाय मारुतीने डिझेल २०२० मध्ये बंद केलं, म्हणजे रस्त्यावरचं असं प्रत्येक इंजिन आता वयस्कर आहे.

स्वस्त डबी लावणं

ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या काहीशे रुपयांच्या 'पॉवर चिप'मध्ये बहुधा लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काही नसतं. डिझेलच्या रेल सेन्सरवर लावायची डबी मात्र काम करते, ते ईसीयूला खोटा दाब सांगून. ईसीयूला कमी दाब दिसतो, तो आणखी वाढवतो, आणि पंप-इंजेक्टर मर्यादेबाहेर राबतात. रोजच्या गाडीत ती नकोच.

डीपीएफ-ईजीआर काढून टाकणं

डीपीएफ हा धुरातली काजळी धरणारा फिल्टर, आणि ईजीआर ही धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप. बीएस-६ डिझेल नुसती शहरातच फिरली की डीपीएफ तुंबतो, कारण काजळी जळायला लागणारी सुमारे ६०० अंशांची उष्णता पार्क चौक ते आसरा चौक एवढ्या अंतरात तयार होत नाही. सूचनेचा दिवा लागला तर मोहोळच्या दिशेने २०-२५ मिनिटं आरपीएम २००० च्या वर ठेवून एका लयीत चालवा. बहुतेक वेळा दिवा विझतो. फिल्टरच काढून फाइलमध्ये तो बंद करणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाविरुद्ध बदलांना मनाई करतं, आणि कलम १८२-ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो, वॉरंटीचंही तसंच.

मूळ फाइल हातात न ठेवणं

काही ट्यूनर तुमच्या गाडीची फाइल वाचतच नाहीत, साठ्यातली तशीच दुसरी वापरतात. तुमच्याच ईसीयूमधून वाचलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट केला तर रिमॅप पुसला जातो, हेही आधीच माहीत असू द्या.

काम झाल्यावर विजापूर रोडला, रहदारी नसलेल्या सरळ पट्ट्यावर, चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पूर्ण रेस द्या. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. घरी येऊन कोड वाचा. पी०२३४ दिसला तर टर्बोचा दाब मर्यादेबाहेर जातोय. दोन्हीपैकी काहीही आढळलं तर 'थोडे दिवस बघू' म्हणू नका, त्याच आठवड्यात मूळ फाइल परत टाकून घ्या.